शुगरची डबी आणि मोटरचा फोन

आमच्याकडे फोन उचलण्यापेक्षा कापण्याला जास्त अर्थ असतो. पोरगी मेहकरहून बसमध्ये बसली की रिंग देते, मी कापते, म्हणजे कळलं. भाजी न्यायला येणारा टेम्पोवाला फाट्यावर पोचला की रिंग देतो, मी कापते, म्हणजे माल बांधून तयार आहे, ये बाबा. आणि सगळ्यात जास्त फोन येतात ते विहिरीवरच्या मोटरचे. शेतातली लाईट कधी येईल याचा काही नेम नाही, म्हणून स्टार्टरला सिमकार्डवाली एक डबी जोडली आहे. लाईट आली की ती डबी मला फोन करते. तो उचलायचा नाही, कापायचा. कापला की तिकडे मोटर सुरू होते. उचलला तर काहीच होत नाही.

सहा-सात वर्षं झाली, माझा अंगठा हे काम करतो आहे. हात कणकेत असोत की भेंडीत, फोनवरचं लाल बटण त्याला न बघता सापडतं. शेतात मी साधा बटणांचाच फोन नेते, पडला-झडला तरी दुःख नाही.

ही सोय करून दिली माझ्या धाकट्या दिरानं. मेहकरला त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. शिक्षण बारावी नापास, पण हातात जादू म्हणतात ती आहे. कुठलंही यंत्र दिसलं की ते उघडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पूर्वी त्याच्या हातून गणपती करायला जाऊन मारुती झालेलेही मी पाहिले आहेत. आमच्या घरातला मिक्सर त्यानं दुरुस्त केला तेव्हापासून तो उलटा फिरतो. पण मोटरच्या डबीनं एकदाही दगा दिला नाही, हे कबूल करायला पाहिजे.

आमची पोरगी नऊ वर्षांची असताना तिला शुगर निघाली. म्हाताऱ्यांना होते ती नव्हे. हिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, ते बाहेरून टोचावं लागतं, दिवसातून चार वेळा, जन्मभर. टोचणं कमी पडलं की साखर वर चढते, जास्त झालं की खाली कोसळते. वर चढली तर निदान वेळ मिळतो. खाली कोसळली की पोरगी आधी चिडते, मग घामानं भिजते, मग बोलता बोलता गप्प होते, आणि तिथून पुढे पाच-दहा मिनिटांचा खेळ असतो. हे सगळं मला शिकायला वर्ष लागलं. गावाला शिकायची गरजच पडली नाही, त्यांना आधीच सगळं माहीत होतं. कारल्याचा रस द्या, अमक्या गावचं झाडपाल्याचं औषध द्या. एका बाईनं तर माझ्या तोंडावर सांगितलं की लाडात लई गोड खाऊ घातलं असंन. अशा वेळी माणसानं काय करावं? मी तिला चहा दिला, बिनसाखरेचा.

सहा वर्षं मी पोरीच्या बोटांना सुया टोचल्या. बोटांची टोकं निबर झाली तिची. मला कुणी विचारलं की तुम्ही दमत नाही का, तर मी म्हणते, दमायला वेळ कुठं आहे. खरं सांगायचं तर दमून दमून ते दमणंच अंगवळणी पडलं होतं. मग बुलडाण्याच्या डॉक्टरांनी दंडावर चिकटवायचा सेन्सर सुचवला. रुपयाच्या नाण्याएवढा, पंधरा दिवस चिकटून राहतो. त्याच्याजवळ मोबाईल नेला की साखर किती ते दाखवतो. पण मोबाईल नेला तरच. आपण होऊन तो काही बोलत नाही. आणि शाळेत तर मोबाईलला बंदी. साखर खाली उतरत असताना पोरीलाच कळलं नाही की काही होतं आहे, तर तो सेन्सर दंडावर असून नसून सारखाच.

हे मी एकदा दिराजवळ बोलले. बोलले ती चूक म्हणा किंवा शहाणपण म्हणा. दीड महिन्यानं तो एक डबी घेऊन आला. चष्म्याच्या घरात बसवलेली, आत सिमकार्ड आणि बॅटरी. सोबत एक बटणासारखं काहीतरी, ते इलॅस्टिकनं दंडावरच्या सेन्सरवर बांधायचं. बटण सेन्सरचा आकडा वाचतं, दप्तरातल्या डबीला कळवतं, आणि आकडा सत्तरच्या खाली गेला की डबी मला फोन लावते.

"वैनी, तुमाले नवीन काही शिका लागत नाही," तो म्हणाला. "मोटरसारखंच. फोन आला की कापा. कापला की डबीले समजते, वैनीले कळलं. मंग ते अर्धा तास गप्प बसते."

किती विचार केला याने माझा, असंच मला वाटलं. मी त्याला त्या दिवशी पुरणपोळी करून घातली. पोरीनं तिच्यापुरतं इन्सुलिन वाढवून दीड पोळी खाल्ली.

डॉक्टरांना आम्ही डबी दाखवली. ते बराच वेळ उलटसुलट करून बघत होते. रागावतील असं वाटलं होतं, पण रागावले नाहीत. म्हणाले, मी हे वापरा असं सांगू शकत नाही, कारण हे कुणी तपासलेलं नाही, बिघडलं तर जबाबदार कोणी नाही. आणि वापरू नका असंही मला सांगवत नाही, कारण कंपनीचं जे मशीन आपण होऊन फोन करतं ते तुमच्या आवाक्यात नाही, हे मला माहीत आहे. एकच अट त्यांनी घातली. डबीच्या आकड्यावर इन्सुलिन टोचायचं नाही, आधी बोटातून तपासायचं. आणि म्हणाले, घरी बसून एका बाजूला फायदे लिहा, एका बाजूला धोके लिहा, आणि मग ठरवा.

मी खरोखरच लिहिलं. तिच्या शुगरच्या वहीच्या मागच्या पानावर. धोक्याच्या बाजूला: बॅटरी उतरेल, घामानं तार गंजेल, रेंज जाईल, बटण सरकेल, दंडावर दाब पडला तर खोटा आकडा येईल. हा शेवटचा तर लगेच खरा ठरला. एका लग्नात पोरगी त्या कुशीवर लवंडली आणि डबीनं मला पंगतीतून उठवलं. बोटातून बघितलं तर एकशे चाळीस. फायद्याच्या बाजूला मी फक्त एकच ओळ लिहिली की मला कळेल. पुढच्या तीन महिन्यांत चार वेळा खरंच कळलं. एकदा दहावीच्या सराव परीक्षेत. मी कापला, शाळेत फोन केला, बाईंनी तिला ग्लुकोज पाजलं, आणि तिनं पेपर पुरा केला. त्या दिवशी मी ते चष्म्याचं घर देवापुढं ठेवलं होतं. हसा खुशाल.

दिराला मात्र एवढ्यावर राहवेना. जुना इन्सुलिनचा पंप मिळवतो म्हणाला, डबीला जोडतो, आकड्याप्रमाणे डबीच इन्सुलिन सोडेल, परदेशात लोक घरी करतात असं. तेव्हा मी हात जोडले. म्हटलं भाऊजी, सांगणारी डबी चालंन, टोचणारी नाही. सांगण्यात चूक झाली तर मी आहे ना मधे, टोचण्यात झाली तर मधे कोण? तो म्हणाला, बरोबर आहे वैनी. मलाही आपण फार शहाणं बोललो असं वाटलं.

दहावीचा शेवटचा पेपर संपला तेव्हा पोरीनं जाहीर केलं की ती बुलडाण्याला डिप्लोमाला जाणार, हॉस्टेलला राहणार. आमचे हे बोलायला कमी, पण एकदा बोलले की दगडावरची रेघ. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि सांगितलं, डबी संगं असंन तर जा, नसंन तर नाही. पोरगी नाचलीच. म्हणजे तिचं सगळं पुढचं त्या चष्म्याच्या घरावर टेकलेलं होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मे महिन्यात ती मेहकरला संगणकाच्या क्लासला जायची. सकाळी जायची, दुपारच्या बसनं यायची. ती बीबी गावाला उतरायची. आमचं शेत बीबीच्या अलीकडे, रस्त्यापासून जवळच. त्या दिवशी मी भेंडी तोडत होते. भेंडीनं हात खाजतात म्हणून जुने पायमोजे हाताला चढवलेले, फोन कमरेच्या पिशवीत. बाराच्या सुमाराला फोन वाजला. त्या आठवड्यात लाईट बहुतेक त्याच वेळेला येत होती. मी पिशवीवरूनच बटण दाबलं, कापला, आणि भेंडी तोडत राहिले.

मोटरचा आवाज काही आला नाही. मी वाट पाहिली. स्टार्टरच्या सात पिढ्या उद्धरल्या. मेलं हे पण बिघडलं, आता मेहकरला नेऊन दाखवा. मनाशी म्हटलं, एवढी ओळ पुरी करू मग बघू. ओळ पुरी केली. टोपली बांधावर ठेवली, पाणी प्यायले, मग विहिरीकडे गेले.

स्टार्टरवरचे तिन्ही दिवे विझलेले होते. लाईट आलीच नव्हती.

मग मला फोन कोणी केला?

पायमोजा काढायचंही सुचेना, तसाच तो जाड हात पिशवीत घालत होते आणि फोन काही हाताला लागत नव्हता. बाहेर काढला तर नाव दिसलं, शुगर. येऊन पंचवीस मिनिटं झाली होती. डबी गप्प होती, कारण मीच तिला सांगितलं होतं की मला कळलं आहे.

मी पोरीला फोन लावला. रिंग जात राहिली. पुन्हा लावला. अव माय, ती रिंग मी जन्मात विसरणार नाही. तिसऱ्यांदा लावणार एवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. बसच्या वाहक बाई होत्या. म्हणाल्या, "ताई, तुमच्या मुलीनं डोळे उघडलेत. घाबरू नका, पण या लवकर."

झालं असं होतं. क्लास लांबला, सकाळच्या पोह्यांवर ती तशीच बसमध्ये चढली, मला रिंग द्यायचंही राहिलं. खिडकीची जागा मिळाली. काचेला डोकं टेकून बसली, आणि शेजारणीला वाटलं झोपली पोरगी. बीबी मागे पडलं. पुढच्या गावी वाहक बाईंनी बीबीचं तिकीट बघून तिला उठवायला हात लावला, तर पोरगी घामानं निथळत होती. गळ्यात कार्ड होतं, मला शुगर आहे, साखर द्या, आईचा नंबर हा. बसमधल्या एका बाईनं हॉटेलातून साखर आणली, तिच्या गालाच्या आतून बोटानं चोळली. कोण होती ती बाई, मला आजवर माहीत नाही. तिच्या पाया पडायचं राहिलं आहे.

मी आणि हे मोटारसायकलवर पोचलो तेव्हा तिला आरोग्य केंद्रात बाकावर निजवून सलाईन लावलं होतं. तासाभरात दीरही मेहकरहून धावत आला. आत येताच त्यानं तिला विचारलं, डबीनं आईला फोन नाही केला काय? मी तोंड उघडलं. खरं सांगते, उघडलं होतं. पण पोरगी माझ्याआधी बोलली.

"नाही काका. बंद पडली असंन. घाम लई आला होता."

आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कसं कळलं असेल ते मला तेव्हा समजलं नाही. थोड्या वेळापूर्वी तिनं माझा फोन मागितला होता, मैत्रिणीला कळवते म्हणून. घरी येऊन मी आलेले फोन बघितले तर वाहक बाईंचा होता, सकाळचा टेम्पोवाल्याचा होता. शुगर कुठंच नव्हतं. पोरीनं पुसून टाकलं होतं.

मी गप्प बसले. लिहायला लाज वाटते, पण बसले. तिथे बसले, घरी बसले, चार दिवस बसले.

त्या चार दिवसांत दिरानं डबीचा बारीक बारीक भाग सुटा केला. तिनं कुणाला फोन केला याची नोंद तिच्यात राहत नाही, म्हणून त्याला काही पत्ता लागेना. बॅटरी भरलेली, तारा नीट, बटण नीट. जाऊबाईंचा फोन आला की हे जेवत नाहीत, दुकान उघडत नाहीत, एकच म्हणून राह्यले की माह्या हातानं पोरगी गेली असती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आमच्या ह्यांनी डबी गेली म्हणजे हॉस्टेल गेलं असं सांगून टाकलं. मला वाटलं पोरगी भांडेल, आदळआपट करेल. ती बरं म्हणाली आणि भांडी घासायला बसली. ते बरं मला सोसवेना.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. हळू आवाजात विचारलं, काऊन खोटं बोलली?

तिनं मान वर केली नाही. "डबीले काही वाटत नाही, आई. तुले वाटलं असतं."

"अन् तुह्या काकाले?"

घासलेलंच ताट ती पुन्हा घासत राहिली. पंधरा वर्षांच्या पोरीनं आईला वाचवायला स्वतःचं कॉलेज पणाला लावलं होतं, आणि मी आई म्हणून काय केलं, तर धोक्याची यादी केली. बॅटरी लिहिली, घाम लिहिला, रेंज लिहिली. त्या यादीत माझा अंगठा नव्हता. तो लिहायचं मला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी मेहकरला गेले. दीर दुकानात बसला होता, समोर जेवणाच्या ताटलीत डबीचे तुकडे. मी बसायच्या आधीच सांगितलं, उभ्या उभ्या, नाहीतर सांगितलं नसतं. डबीनं फोन केला होता. मी कापला. मोटरचा समजून कापला.

त्याचे डोळे भरून आले, ते रागानं की सुटका झाली म्हणून, मी विचारलं नाही. मग त्यानं सगळे तुकडे जोडले, अर्धा तास लागला असेल. मला म्हणाला, वैनी, फोन कमरेच्या पिशवीत टाका अन् ह्या तारेचा गुंता सोडवत बसा. मी तांब्याच्या तारेचा गुंता हातात घेतला. थोड्या वेळानं फोन वाजला आणि माझ्या अंगठ्यानं तो कापला. तो म्हणाला, पुन्हा. मी मनाशी पक्कं केलं, आता कापायचा नाही. तार सोडवत बसले, फोन वाजला, अंगठ्यानं कापला. तिसऱ्या वेळीही कापला. मला माहीत होतं, मी तिथे त्याच कामाला बसले होते, तरी कापला. मी ढसाढसा रडले तेव्हा.

"वैनी," तो म्हणाला, "कापणं तुमाले मीच शिकवलं."

त्यानं डबी बदलली. आता कापून काही होत नाही. ती वाजतच राहते, आधी मला, मग ह्यांना, मग हॉस्टेलच्या मॅडमना, पुन्हा मला, पोरगी स्वतः डबीवरचं बटण दाबेपर्यंत. डॉक्टरांनाही जाऊन सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले की यादीत एक ओळ वाढवा, आणि मी वाढवली. घरी ह्यांना मीच सांगितलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली, ओल्या फडक्यानं पुसली आणि पोरीच्या खोलीत नेऊन ठेवली.

ती गेली बुलडाण्याला. आठवड्यातून एक-दोनदा डबीचा फोन येतो. डबीला तोंड नाही, उचलला तर पलीकडे नुसती खरखर असते. तरी मी उचलते आणि बांधावर उभी राहून हो बाई, ऐकलं, ऐकलं म्हणते. मग पोरीला लावते. ती म्हणते, खाल्लं आई, बटण दाबलं, ठेव आता.

दिरानं दोन्ही फोनला वेगवेगळी रिंग लावून दिली आहे, मोटरची वेगळी, शुगरची वेगळी. बहिऱ्यालाही फरक कळेल. पण मोटरचा फोन आला की मी हातातलं काम टाकते, पायमोजा काढते, फोन डोळ्यांपुढं धरून नाव वाचते, आणि मोटर असं वाचूनही माझ्यानं लाल बटण दाबवत नाही. मी तो उचलते. उचलला की मोटर सुरू होत नाही. मग मी उन्हातून विहिरीपर्यंत चालत जाते आणि हातानं सुरू करते. कधी मी पोचेपर्यंत लाईट गेलेली असते. आमचे हे परवा म्हणाले, अव, अर्धे वाफे कोरडे राहून राह्यले, वांगे वाळले.

मी म्हटलं, वाळू द्या. वांगे पुन्हा लावता येतात.